क्वोबा ते नारालू: मुलांना घेऊन वाळवंटी किनाऱ्यावर सात दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पर्थला राहता. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कार्नार्व्हन गावाच्या उत्तरेला, क्वोबा ते नारालू या पट्ट्यात सात दिवस तंबू ठोकून राहायचं आहे. तुम्ही तीन वर्षं पर्थमधल्या ट्रिगच्या किनाऱ्यावर सर्फिंग करता आहात आणि याच पट्ट्यातल्या रेड ब्लफची लाट तुम्हाला खुणावते आहे. मुलांनीही तिथेच सर्फिंग शिकावं असं तुम्हाला वाटतं. वहिनींना मात्र पाणी, दवाखाना आणि अंतर या तिन्हींची काळजी आहे. हे झेपेल का, आणि तयारी काय करावी?

झेपेल. मी चौदा वर्षं या किनाऱ्यावर जातो आहे, त्यातली दहा मुलांना घेऊन, आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना सर्फिंग शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, वहिनींची काळजी अगदी योग्य जागी आहे. बदलायला हवा तो तुमचा बेत. ही सहल लाटेभोवती आखू नका. ती मुलांभोवती आणि पाण्याभोवती आखा. लाट मिळाली तर त्यातूनच मिळेल.

आधी लाटेचंच सांगतो, कारण सगळा बेत तिच्यावर उभा आहे. पर्थच्या किनाऱ्यासमोर रॉटनेस्ट बेट आणि समुद्रातल्या खडकांच्या रांगा आहेत. दक्षिण महासागरातून येणाऱ्या स्वेलचा, म्हणजे दूरच्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटांचा, जोर तिथेच बराचसा मोडतो. ट्रिगला तुम्ही जी लाट घेता ती गाळून आलेली असते. रेड ब्लफपुढे असं काहीही नाही. तिकडे दूर दक्षिणेला वादळ झालं की त्याची स्वेल दोन-तीन दिवस प्रवास करत येते आणि थेट खडकावर फुटते. अंदाज पाहताना लोक उंची बघतात आणि सेकंद, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, बघत नाहीत. दोन मीटर उंची आणि आठ सेकंद हा एक समुद्र असतो, दोन मीटर आणि सोळा सेकंद हा पूर्णपणे दुसरा. सोळा सेकंदांच्या स्वेलमध्ये दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर खोल पाण्यात चारशे मीटर असतं, आणि त्या लांबीत जेवढं पाणी हलत असतं ते सगळं उथळ खडकावर येऊन एकदम उभं राहतं. रेड ब्लफ काय किंवा नारालूची टूमस्टोन्स काय, दोन्ही सर्फरच्या डाव्या हाताला फुटत जाणाऱ्या, खडकावरच्या, जोरकस लाटा आहेत. तिथे पडलं तर खाली वाळू नसते.

म्हणून मुलांनी तिथे सर्फिंग शिकावं या कल्पनेला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. मोठी लाट फुटून संपल्यावर तिचा फेस रेड ब्लफच्या पुळणीकडे येतो. शांत दिवशी त्या उरलेल्या फेसावर, गुडघाभर पाण्यात, मऊ बोर्डवर पोटावर झोपून मुलं घसरतील, मनसोक्त हसतील. तेवढं पुरे आहे. मुलांना उभं राहायला शिकवणं हाच हेतू असेल तर कार्नार्व्हनहून आणखी साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर वर एक्समाउथ गाठा. तिथल्या ड्यून्स नावाच्या किनाऱ्यावर लहान स्वेलच्या दिवशी नवशिक्यांना जमतील अशा लाटा मिळतात. तिथेही तळाला खडक आहेतच, तेव्हा पायात रीफचे बूट हवेतच. पण सात दिवसांत दोन्ही ठिकाणं करायला जाऊ नका. निम्मी सुट्टी गाडीत जाईल.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. या किनाऱ्यालगतची निंगालूची प्रवाळरांग सुमारे २६० किलोमीटर लांब आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती किनाऱ्याच्या इतकी जवळ आहे की पोहत जाता येतं. २०११ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या रांगेच्या आत उथळ, निळं, स्थिर दिसणारं पाणी असतं. पालकांना वाटतं, लाटा बाहेर फुटताहेत, आत मुलं सुरक्षित आहेत. खरं तर बाहेर फुटलेल्या प्रत्येक लाटेचं पाणी रांगेवरून आत सांडत असतं. आत आलेलं पाणी कुठून तरी बाहेर जाणारच. ते जातं प्रवाळरांगेतल्या खिंडारातून. म्हणजे बाहेर स्वेल जेवढी मोठी, तेवढी आतल्या पाण्याची खिंडाराकडची ओढ जास्त, आणि वरून पाहिलं तर पृष्ठभागावर सुरकुतीसुद्धा नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी धाकटी मुलगी आठ वर्षांची होती. ती आणि तिची आई डबक्यासारख्या शांत पाण्यात मास्क लावून मासे बघत होत्या. आई चष्मा बदलायला तंबूकडे गेली आणि मी वाळूच्या टेकाडावर उभा राहून दुर्बिणीतून बाहेरच्या लाटा मोजत होतो. सकाळपासून स्वेल चढत होती आणि मला त्याचाच आनंद होता. तोंड पाण्यात असल्यामुळे मुलीला कळलंच नाही की ती सरकते आहे. मासे दिसत होते, तिचं छान चाललं होतं. पलीकडे गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाका मारल्या तेव्हा मी खाली पाहिलं. ती होती तिथून दोनशे मीटर उत्तरेला गेली होती आणि खिंडाराचं गडद पाणी तिच्या पुढ्यात होतं. फिन्स आणि छोटा बोर्ड घेऊन मी पोहोचलो, तिला बोर्डवर घेतलं आणि ओढीच्या विरुद्ध न जाता आडवा किनाऱ्याकडे आलो. तिला काही झालं नाही. ती घाबरलीसुद्धा नाही. माझे पाय मात्र वाळूवर आल्यावर थरथरत होते, आणि त्या गृहस्थांचे आभार मानतानाही तोंडातून शब्द फुटत नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे पाण्यात उतरण्याची एकच रीत आहे. आधी एक काटकी पाण्यात टाकायची आणि ती कुठे जाते ते पाच मिनिटं बघायचं. ओढीची दिशा कळली की किनाऱ्यावरून तिच्या उलट दिशेला चालत जायचं, तिथे उतरायचं आणि वाहत वाहत ठरलेल्या जागी बाहेर पडायचं. बाहेर पडण्याची जागा खिंडाराच्या बरीच अलीकडे हवी, आणि तिथे एक मोठं माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभं हवं. दुसरं मोठं माणूस मुलांसोबत, हाताच्या अंतरावर, खिंडाराच्या बाजूला. स्वेल मोठी असेल त्या दिवशी आतल्या पाण्यातही जायचं नाही, वाळूत खेळायचं. मुलांना हे काटकीचं काम द्या. आमच्या मुलींना ते इतकं आवडलं की नंतर त्याच आम्हाला ‘आज नको’ असं सांगू लागल्या.

याच रीतीचा दुसरा भाग तुमच्यासाठी आहे. तुम्ही सर्फिंगला गेलात की वहिनी पाण्याबाहेर. वहिनी पोहायला गेल्या की तुम्ही पाण्याबाहेर. दोघं एकाच वेळी पाण्यात आणि मुलं वाळूवर एकटी, असं पाच मिनिटंही नको. तुम्ही बाहेर किती वेळ राहणार ते आधी सांगून जा, आणि ती वेळ पाळा. लाट चांगली लागली म्हणून अर्धा तास जास्त थांबलात तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनाचं काय होतं ते वहिनींनाच विचारा.

रेड ब्लफच्या लाटेवर तुम्ही उतरावं का? ट्रिगच्या तीन वर्षांच्या जोरावर, मोठ्या दिवशी, नाही. लहान दिवशी उतरू शकाल. त्याआधी निदान तासभर किनाऱ्यावर बसून पाहा: लोक कुठून उतरतात, कुठल्या खडकावरून बाहेर येतात, मोठा संच, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटा, किती वेळाने येतो. तिथे वर्षानुवर्षं येणारे लोक भेटतील, त्यांना सरळ विचारा. नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण सांगतात. पूर्ण ओहोटीला खडक वर येतो, तेव्हा टाळा. डोक्याला हेल्मेट घाला. आणि एवढं करूनही मन कचरलं तर बाहेर बसा. मी तिथे बसून घालवलेल्या सकाळी पाण्यात घालवलेल्या सकाळींपेक्षा जास्त आहेत आणि मला त्यांचं वाईट वाटत नाही.

वाऱ्याची वेळ या किनाऱ्यावर घड्याळासारखी समजून घ्यावी लागते. शाळेत भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो, ते इथे रोज डोळ्यांनी दिसतात. हिवाळ्यात पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाट उभी आणि गुळगुळीत राहते. दुपारी दक्षिण-नैऋत्येकडून वारा येतो आणि पाणी विस्कटतं. उन्हाळ्यात तर हा दक्षिणेचा वारा इतका जोराचा असतो की नारालूला विंडसर्फिंग करणारे लोक मुद्दाम त्यासाठी येतात, पण लहान मुलांना घेऊन तंबूत राहणाऱ्यांसाठी तो काळ नाही. तुमचा जुलै योग्य आहे. दिवसा साधारण २२ अंश, रात्री ११ च्या आसपास. रात्रीची थंडी लोक विसरतात आणि वाळवंट म्हणून पातळ पांघरुणं घेऊन येतात. मुलांना उबदार स्लीपिंग बॅग आणि कानटोपी हवीच. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळ लांबलचक आणि काळोखी. डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकाला स्वतंत्र द्या.

तंबू म्हणून जे घ्याल ते बुटकं घ्या. उंच, घरासारखे दिसणारे तंबू दुकानात मुलांना आवडतात आणि दुसऱ्या दुपारी त्यांचे खांब वाकतात. तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या या वाळूत टिकत नाहीत. लांब, रुंद पात्याच्या वाळूच्या खुंट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. खुंटी निघतच असेल तर पिशवीत वाळू भरून दोरी तिला बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा. दार वाऱ्याच्या पाठीला, उत्तरेकडे ठेवा, आणि गाडी दक्षिणेला आडवी लावा. टेकाडांवरची झुडपं तुडवू नका, तोडू नका. त्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली असते. शेकोटीसाठी लाकूडही बरोबर आणलेलंच वापरायचं, आणि शेकोटीला परवानगी आहे का हे आधी विचारायचं.

पाण्याचा हिशेब वहिनींसमोर मांडा, त्यांची निम्मी काळजी तिथे मिटेल. पिणं, स्वयंपाक, दात घासणं, जखमा धुणं, अंगावरचं मीठ पुसणं हे सगळं धरून मी माणशी रोज सात लिटर धरतो. चौघांचे सात दिवसांचे १९६ लिटर. रस्ता बंद होऊन दोन दिवस अडकलात तर आणखी ५६. म्हणजे अडीचशे लिटर, म्हणजेच अडीचशे किलो. हे वजन गाडीच्या टपावर कधीही नको. तळाला, मागच्या चाकांच्या पुढे, घट्ट बांधून. गाडीचं एकूण भार वाहण्याचं प्रमाण पुस्तिकेत बघा, कारण चार माणसं, पाणी, इंधन, बोर्ड, तंबू धरून बऱ्याच गाड्या ती मर्यादा ओलांडतात आणि चालवणाऱ्याला पत्ताही नसतो. एकाच मोठ्या टाकीत पाणी भरू नका. वीस-वीस लिटरचे डबे घ्या, एक फुटला तर बाकीचे राहतात. तळावर बोअरचं पाणी मिळालं तर ते खारट असतं, भांडी विसळायला ठीक. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासून मग घोटभर गोड्या पाण्यात खंगाळली की रोजचं बरंच पाणी वाचतं.

जेवणाबद्दल फार सांगत नाही. पहिले तीन दिवस ताजं, नंतर कोरडं, आणि एका भांड्यात होईल असं. कार्नार्व्हनला गॅस्कॉइन नदीच्या वाळूखालच्या पाण्यावर केळी, भाज्या आणि आंब्याच्या बागा आहेत. जुलैत केळी आणि टोमॅटो तिथेच घ्या.

प्रवासाचं. पर्थ ते कार्नार्व्हन जवळपास ९०० किलोमीटर. एका दिवसात होतं, पण मुलांना घेऊन करू नका. साधारण ४२० किलोमीटरवर जेराल्डटनला मुक्काम करा. अंधार पडायला लागला की गाडी थांबलेली हवी, कारण कांगारू, एमू, मेंढ्या आणि शेळ्या रस्त्यावर येतात आणि कुंपणं सगळीकडे नाहीत. कार्नार्व्हनला इंधन पूर्ण भरा. नारालू तिथून सुमारे १५० किलोमीटर, तेव्हा जाणं-येणं आणि आतलं फिरणं धरून पाचशे किलोमीटर पुरेल एवढं हवं. ब्लोहोल्सपर्यंत, म्हणजे कड्यातून समुद्राचं पाणी उडतं त्या जागेपर्यंत, डांबरी रस्ता आहे, त्यापुढे कच्चा. कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटांसारख्या घड्या पडलेल्या असतात आणि त्या गाडीचे स्क्रू न् स्क्रू सैल करतात. टायरमधली हवा २६-२८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि वेगही त्याबरोबर उतरवा. मऊ वाळूत शिरायचं असेल तर आणखी खाली, १६-१८ पर्यंत. डांबरी रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरायला पंप हवा. दर अर्ध्या तासाने थांबून टपावरच्या बोर्डांचे पट्टे ओढून बघा. वाटेत केप क्युव्हिएरकडे मीठ नेणाऱ्या अवजड ट्रकांचा खासगी रस्ता ओलांडावा लागतो. तिथे ट्रकला आधी जाऊ द्या, त्याला थांबायला बरंच अंतर लागतं.

ब्लोहोल्सला थांबालच. कड्याखालच्या पोकळीतून लाटेचं पाणी कारंज्यासारखं उंच उडतं आणि मुलं खूश होतात. तिथे एक मोठी पाटी आहे, ‘किंग वेव्ह्ज किल’. ती पाटी मुलांना उभं करून वाचायला लावा. लांब सेकंदांच्या स्वेलमध्ये समुद्र दहा-पंधरा मिनिटं झोपल्यासारखा असतो, खडक सुकलेले दिसतात, आणि मग एक मोठा संच येतो. खडक सुका आहे म्हणजे तिथे लाट येत नाही, असा अर्थ होत नाही. कड्याच्या काठापासून खूप मागे राहा, मुलांचा हात धरून. थोड्या दक्षिणेला बेटाच्या आडोशाचं उथळ पाणी आहे, तिथे वर सांगितलेली काटकीची रीत वापरून मासे दाखवता येतील.

तिथून थोडं उत्तरेला ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेचं स्मारक आहे. १९ नोव्हेंबर १९४१ ला ती जर्मन ‘कोर्मोरान’शी झालेल्या लढाईत बुडाली आणि तिच्यावरचे सगळे, ६४५ जण, गेले. ‘कोर्मोरान’ही बुडाली आणि तिचे काही खलाशी होड्यांमधून याच ओसाड किनाऱ्यावर येऊन लागले, त्यातली एक होडी रेड ब्लफपाशी. दोन्ही जहाजांचे अवशेष २००८ च्या मार्चमध्ये सापडले. तुमच्या मुलीच्या वयाला हे नीट समजतं. माझ्या थोरलीने तिथे विचारलं होतं, ‘त्यांना प्यायला पाणी कुठे मिळालं?’ त्यानंतर पाणी सांडू नको असं तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

दवाखाना. जवळचं रुग्णालय कार्नार्व्हनला, नारालूहून कच्च्या रस्त्याने निदान दोन तास. या पट्ट्यात मोबाइलवर भरवसा ठेवू नका. म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा, जीपीएस असलेला आपत्कालीन बीकन (संकटात उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारं यंत्र) घ्या आणि ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे त्याची नोंदणी करा. नोंदणी फुकट आहे आणि त्यात तुमच्या सहलीचा तपशील लिहिता येतो. बीकन जिवावर बेतलं तरच दाबायचा. बाकी निरोपांसाठी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र असलं तर पर्थच्या आजी-आजोबांनाही झोप लागते. गाडीत यूएचएफ रेडिओ (आसपासच्या गाड्यांशी बोलायचा बिनतारी संच) ठेवा, ५ आणि ३५ हे चॅनल आपत्कालीन वापरासाठी राखीव आहेत. निघण्याआधी तुम्ही दोघांनीही प्रथमोपचाराचा वर्ग करा. फक्त तुम्ही नाही, कारण जखमी तुम्हीच असाल.

तिथे खरोखर काय होतं, ते सांगतो. सगळ्यात जास्त होतात प्रवाळाचे ओरखडे. दिसतात क्षुल्लक आणि दोन दिवसांत चिघळतात. गोड्या पाण्याने भरपूर धुवा, मऊ ब्रशने आत अडकलेले कण काढा, जंतुनाशक लावा, कोरडं ठेवा, आणि लालसरपणा पसरायला लागला तर वाट न बघता कार्नार्व्हन गाठा. दगडमाशाचा काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, पाय बुडवून ठेवायचा. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर तपासायचं. साप चावला किंवा निळ्या कड्यांचा ऑक्टोपस डसला तर रुंद पट्टी घट्ट गुंडाळून तो अवयव हलू द्यायचा नाही आणि मदत बोलवायची. दोरीने आवळायचं नाही, कापायचं नाही. ऑक्टोपसच्या विषाने श्वास थांबू शकतो, मदत येईपर्यंत कृत्रिम श्वास देत राहावं लागतं. शंकूच्या आकाराचे सुंदर शिंपले मुलं हमखास उचलतात. त्यातला प्राणी विषारी दंश करतो. ‘बघायचं, उचलायचं नाही’ हा नियम पहिल्याच दिवशी घाला. शार्क आहेत, टायगर शार्कही. पहाटे-संध्याकाळी अंधुक उजेडात, आणि लोक मासे साफ करतात तिथे पाण्यात उतरू नका. एवढं पाळलं की त्याची भीती मनात घेऊन फिरायला नको. जुलैत ऊन कोवळं वाटतं पण फसवतं, दुपारी अतिनील निर्देशांक ३ च्या बराच वर असतो. पूर्ण बाह्यांचे रॅश व्हेस्ट (पाण्यात घालायचे अंगाबरोबरचे सदरे), मानेवर पडदा असलेली टोपी, क्रीम दर दोन तासांनी.

दिवस कसा जाईल, तेही सांगतो. मुलांना तळ बदलणं आवडत नाही, त्यांना जागा ओळखीची झाली की ती फुलतात. दोन रात्री क्वोबा, मग पाच रात्री रेड ब्लफ किंवा नारालू, यापैकी एकच. तुमच्या मुलाचं वय बघता मी नारालू निवडेन, कारण तिथल्या उपसागरात लहानांना खेळायला पाणी आहे. रेड ब्लफला एखाद्या दिवशी गाडीने जाऊन लाट बघून या, लहान असेल तर उतरा. तंबूच्या जागा आधीच नोंदवा आणि त्याच फोनवर विचारा: तळ चालू आहे ना, शौचालय आहे की स्वतःचं रासायनिक शौचालय आणावं लागतं, कचरा परत न्यायचा का. कचरा परत न्यायचाच असं धरून चाला. सकाळी वारा समुद्राकडे असताना तुमची लाट, नऊ ते अकरा मुलांचं पाणी, दुपारी वारा सुटला की सावलीत पत्ते, पुस्तक, झोप. चारनंतर टेकाडावर बसा. जूनपासून हम्पबॅक देवमासे उत्तरेला जायला निघालेले असतात, आणि शांत संध्याकाळी त्यांचे फवारे किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. धाकट्याला दुर्बीण द्या आणि मोजायला सांगा.

एक उरलं. इथे वर्षाला साधारण सव्वादोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा नेमका तुम्ही जाता त्याच महिन्यांत. थोड्या पावसातही कच्चे रस्ते बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा कार्नार्व्हनला पोहोचल्यावर रस्त्याची स्थिती बघा. बंद असेल तर तिथेच एक-दोन रात्री थांबा. १९६४ ते १९७५ या काळात अमेरिकेच्या जेमिनी आणि अपोलो मोहिमांसाठी तिथे यानांचा माग ठेवणारं ट्रॅकिंग स्टेशन चालत होतं, आणि आता गावाबाहेर भल्यामोठ्या जुन्या अँटेनाशेजारी त्याचं संग्रहालय आहे. आम्ही एकदा पावसामुळे दोन दिवस तिथे अडकलो होतो. मुलींनी दोन्ही दिवस तिथेच काढले आणि तिसऱ्या दिवशी रस्ता उघडल्यावर गाडीत बसायला तयार नव्हत्या.